सांभाळाचा रकाना

सरकारी खरेदीच्या कागदावर वस्तूची किंमत एका रकान्यात भरली, तिच्याखाली मंजुरीची सही झाली, की त्या वस्तूविषयीचा विचार संपला असे मानण्याचा जो शिरस्ता आपल्या दप्तरांतून पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे, त्याने शाळेतील बाकांचे आणि फळ्यांचे फारसे नुकसान केले नसेल. परंतु जे यंत्र रोज वीज मागते, वर्षा-दोन वर्षांनी दुरुस्ती मागते, आणि ज्याचा उपयोग ते कोणाच्या हातात आहे यावरच सर्वस्वी अवलंबून असतो, त्या यंत्राच्या बाबतीत हा शिरस्ता घातक ठरतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील मुलांना अल्पमोली लॅपटॉप किंवा टॅबलेट द्यावेत काय, हा प्रश्न जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा वाद घुटमळतो तो किमतीच्या त्या एका रकान्यापाशीच. माझे मत मी आरंभीच सांगतो. हे यंत्र द्यावे. ज्या मुलांची शाळा ऊसतोडीच्या हंगामात सुटते त्यांना ते सर्वांआधी द्यावे. आणि त्याच्या सांभाळाची तरतूद ज्या प्रस्तावात नाही, तो प्रस्ताव खरेदीपूर्वीच परत पाठवावा.

1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा लोकसंख्येने सुमारे 69 टक्के आदिवासी आहे, आणि 2011 च्या जनगणनेत येथील साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी, नोंदली गेली. त्याच वेळी अवघ्या महाराष्ट्राचा आकडा 82 टक्क्यांच्या वर होता. येथे यंत्र पोहोचत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. देशातील पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी प्रत्यक्ष पंतप्रधानांच्या उपस्थितीत देण्यात आला तो शहादा तालुक्यातील टेंभलीत. त्यासाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा घेणारी यंत्रे, ती चालविणारी माणसे आणि लागणारी वीज ही सर्व सामग्री त्या लहानशा गावात वेळेवर हजर झाली होती. राज्यकर्त्यांच्या मनात आले म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी काय काय पोहोचू शकते, याचा तो पुरावा आहे. लॅपटॉपच्या प्रश्नात अडचण अंतराची नसून संकल्पाची आहे, हे एकदा मान्य केले म्हणजे पुढचा विचार सोपा होतो.

या कल्पनेचा इतिहास आपल्या घराजवळून गेलेला आहे. अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी 2005 साली जगातील प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप देण्याची योजना मांडली. 2006 साली आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती नाकारली, आणि त्या वेळचे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक असल्याचे कारण दिले. नकार मिळाला तरी कल्पना थांबली नाही. 2007 साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या धनगरवस्तीतील एकशिक्षकी शाळेत, संख्येने वीसच्या आसपास असलेल्या सर्व मुलांच्या हाती हे हिरवे-पांढरे यंत्र आले. त्याचा कळफलक पाणी न झिरपणाऱ्या रबरी आवरणाचा होता, वर दोन कानांसारख्या उघडणाऱ्या पट्ट्या होत्या, ते उचलून नेण्यासाठी मूठ होती, आणि त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येत असे. नेहमीच्या लॅपटॉपला जितकी वीज लागे तिच्या सुमारे दशांश विजेवर ते चाले. त्या मुलांनी त्यावर छायाचित्रे काढली, आवाज मुद्रित केले आणि यंत्र घरी नेऊन आईबापांना दाखविले. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत घेऊन बसणाऱ्या शिक्षकाला, एका इयत्तेला शिकवीत असताना दुसरी इयत्ता स्वतःच्या बळावर कामात गुंतून राहते, ही सोय त्यातून मिळाली. शंभर डॉलरचा संकल्प प्रत्यक्षात 188 डॉलरच्या घरात गेला, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने साधारण साडेसात हजार रुपये पडले, याचीच चर्चा पुढे अधिक झाली. मला मात्र खैरातच्या यंत्रात मोलाचे वाटते ते निराळेच. उन्हात वाचता येणारा पडदा आणि अल्प विजेवर चालणारे यंत्र ही त्याच्या रचनाकारांनी विपन्न प्रदेशाच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून केलेली रचना होती, आणि यंत्र स्वस्त होण्यापेक्षा ही रचना साधणे अधिक कठीण होते.

आपल्या सरकारने नंतर जो स्वतःचा मार्ग धरला, त्यात नेमकी हीच दृष्टी सुटली. 5 ऑक्टोबर 2011 रोजी त्याच मंत्रालयाचे तत्कालीन मंत्री कपिल सिबल यांच्या हस्ते ‘आकाश’ नावाच्या टॅबलेटचे अनावरण झाले. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता, आणि जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचा गौरव झाला. परंतु बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा पडदा, मंद चाल आणि काही तासांत दम तोडणारी बॅटरी यांमुळे पहिल्या आवृत्तीविषयी तक्रारींचा पाऊस पडला, आणि पुढे ते काम मुंबईच्या आयआयटीकडे सोपवून सुधारित आवृत्ती काढण्याची पाळी आली. किंमत खाली आणणे हेच साध्य ठरले की बॅटरी लहान होते, पडदा हलका होतो, आणि त्या बचतीचा भार अखेर त्या मुलावर पडतो ज्याच्या पाड्यात वीज दिवसातून काही तासच असते.

पेरू देशाने तर लक्षावधी यंत्रे घेतली. तेथील ग्रामीण भागातील 319 शाळांचा जो अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने 2012 साली प्रसिद्ध केला, त्यात सुमारे सव्वा वर्षाच्या वापरानंतरही भाषा आणि गणित यांतील प्रगतीत फरक आढळला नाही; सर्वसाधारण आकलनशक्तीच्या चाचण्यांत मात्र थोडी वाढ दिसली. या निष्कर्षाचा आधार घेऊन आपल्याकडील पुष्कळ विचारवंत हा विषयच निकालात काढतात. मला तो निष्कर्ष मान्य आहे, त्यावरून काढलेला निकाल मान्य नाही. शिक्षकाला यंत्राचा अभ्यासक्रमाशी सांधा जुळवून न देता यंत्रे वाटली, तर गणित सुधारत नाही, एवढेच पेरूने सिद्ध केले. आणि ते आपण ऐकून घेतले पाहिजे.

आपल्याकडे यंत्र निष्फळ ठरते त्याचे कारण मात्र पेरूत सापडणार नाही. ते आपल्याच दप्तरात आहे. अक्राणी तालुक्यातील एका आश्रमशाळेत, जिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर लोखंडी कपाट उघडले तेव्हा आत टॅबलेट खोक्यांसह रचून ठेवलेले होते. काहींच्या पडद्यावरचे पातळ प्लास्टिकही निघालेले नव्हते, आणि दोन-तीन टॅबलेटच्या बॅटऱ्या फुगून पाठ उचकटली होती. मुलांना का दिले नाहीत, असे विचारता ते गृहस्थ अजिबात न ओशाळता म्हणाले, “साहेब, जडसंग्रह नोंदवहीत हे माझ्या नावावर आहेत. पोराच्या हातून फुटला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली माझ्यावर बसते. कपाटात राहिला तर मला कोणी विचारत नाही.” त्या उत्तरातील प्रामाणिकपणाने मी निरुत्तर झालो. चार्जिंगची एक पिन वाकली तरी चांदसैलीचा घाट उतरून तळोद्याला किंवा शहाद्याला जावे लागते. त्या प्रवासाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा हे कोणत्याही हुकुमात लिहिलेले नाही. आणि निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविला तर तो मंजूर होऊन येईपर्यंत ते गृहस्थ बहुधा सेवानिवृत्त झालेले असतील. न वापरलेले यंत्र नोंदवहीत शाबूत ठरते आणि वापरून झिजलेले यंत्र गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते, अशी व्यवस्था जोवर कायम आहे, तोवर यंत्र दोन हजारांचे घ्या की वीस हजारांचे, ते मुलाला महागच आहे.

मुलांना हाती दिलेली वस्तू मोडण्याचा अधिकार असल्याखेरीज तिच्यापासून शिकणे होत नाही, ही गोष्ट आपल्या शिक्षणशास्त्राला नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी बालकांसाठी जे काम उभे केले, त्यात बिया, शंखशिंपले, पाने, माती हीच शिक्षणसाधने होती. ती अल्पमोली होतीच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती मुलांची होती, आणि हरवली तर रानात पुन्हा मिळत. त्यांनी कुरणशाळा काढली ती याच विचाराने: मूल गुरे राखायला जाते म्हणून शाळेत येत नाही, तर शाळेने कुरणात जावे. आजच्या नंदुरबारात ते कुरण कोठे आहे, असे मला कोणी विचारले तर मी दक्षिण गुजरातेतील उसाच्या फडाकडे बोट दाखवीन.

दिवाळी आटोपली की अक्राणी, अक्कलकुवा, नवापूर या भागांतून कोयत्यांच्या टोळ्या निघतात; मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे होळीच्या सुमारापर्यंत व पुष्कळदा त्यानंतरही, कुटुंबाचा मुक्काम पडावावर पडतो. धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण बरोबर जाते, आणि तिची तिसरी किंवा पाचवी इयत्ता तेथेच अडकते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड निघाले, हंगामी वसतिगृहे निघाली, साखरशाळांचे प्रयोग झाले. त्यांतील माणसांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. परंतु राज्याची सीमा ओलांडली की पाठ्यपुस्तकाची भाषा गुजराती होते, आणि पडाव दर काही आठवड्यांनी हलला की शाळेचे नाव बदलते. या मुलीबरोबर जाऊ शकणारी एकच शाळा आहे, आणि ती म्हणजे तिच्या बोचक्यात मावणारी. बालभारतीची पुस्तके तिच्यात असावीत, पावरी आणि भिलोरी बोलींत मुद्रित केलेले धडे आणि गोष्टी असाव्यात, सौर पट्टीवर ती चालावी, आणि जाळ्याशी संपर्क नसतानाही तिचे काम अडू नये. ही मागणी भव्य नाही. खैरातच्या यंत्रात यातील काही गोष्टी 2007 सालीच होत्या.

बोलीभाषेचा मुद्दा मी आग्रहाने मांडतो. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी पावरी आणि भिलोरीतून आरंभीचे शिक्षण देण्याचा जो मार्ग घालून दिला, त्यामागे हे सरळ तत्त्व होते की मराठी ही या मुलांना शाळेत भेटणारी दुसरी भाषा आहे. दर आवृत्तीला हजारो प्रतींची खात्री नसल्याने छापील पुस्तक ज्या बोलीला परवडत नाही, तिला ध्वनिमुद्रण परवडते. आणि आजीकडून ऐकलेली कहाणी मुलीने स्वतःच मुद्रित करून वर्गापुढे ठेवावी, याला तर कोणत्याच मंजुरीची गरज नाही. स्वस्त लॅपटॉपचे खरे मूल्य मला येथे दिसते. परगावच्या तज्ज्ञाने तयार केलेली चित्रफीत पाहणे हा त्याचा सर्वांत हलका उपयोग होय.

विजेविषयी आणि दुरुस्तीविषयी मला बिलगावची आठवण होते. अक्राणी (धडगाव) तालुक्यातील या गावी उदई नदीच्या धबधब्यावर, केरळातून आलेल्या दोन अभियंत्यांच्या मार्गदर्शनाने आणि गावकऱ्यांच्या श्रमदानाने, 15 किलोवॉटचा लहानसा जलविद्युत प्रकल्प 2003 साली उभा राहिला, आणि ज्या पाड्यांत तोवर चिमणी जळत होती तेथे दिवे लागले. 2006 साली सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो बुडाला. तो बुडाला याचे दुःख आहेच. परंतु डोंगरातील लोक गुंतागुंतीचे यंत्र उभे करू शकतात आणि चालवू शकतात, हा तीन वर्षांचा दाखला पाण्याखाली जात नाही. असे असताना एका टॅबलेटची बॅटरी बदलण्यासाठी घाट उतरावा लागावा, ही स्थिती अपरिहार्य म्हणून कोणी आमच्या गळी उतरवू नये.

शिक्षकांची रिक्त पदे भरा, मग यंत्रांचे बोला, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही, कारण शिक्षकाच्या जागी यंत्र ठेवण्याची तजवीज कोणी करीत असेल तर तिला मीही विरोधच करीन. परंतु 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली, आणि खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 पर्यंत उघडले नाहीत, त्या अवधीत शहरातील मूल घरच्या लॅपटॉपपुढे बसले होते आणि तोरणमाळच्या पठारावरील मूल शेळ्यांमागे होते. त्या मुलाला यंत्र नको, आधी शिक्षक हवा, असे ज्यांनी म्हटले त्यांपैकी कोणीही स्वतःच्या मुलाच्या हातचे यंत्र शिक्षक मिळेपर्यंत काढून घेतले नव्हते.

तेव्हा नंदुरबार आणि तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडे आणि जिल्हा परिषदेकडे माझी मागणी अशी आहे. पुढील खरेदीच्या प्रस्तावात किमतीइतक्याच ठळक अक्षरांत पाच वर्षांच्या बॅटरी, दुरुस्ती आणि शिक्षक-प्रशिक्षणाचा खर्च लिहावा, आणि त्यामुळे यंत्रांची संख्या निम्मी झाली तरी ती निम्मी करावी. मुलाच्या वापरात मोडलेले यंत्र मुख्याध्यापकाच्या सहीने निर्लेखित व्हावे, वसुलीची भाषा त्यातून कायमची काढून टाकावी, आणि न वापरलेल्या यंत्राविषयी लेखापरीक्षकाने आक्षेप घ्यावा. दुरुस्तीचे काम जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकलेल्या मुलामुलींना तालुक्याच्या ठिकाणीच द्यावे. धडगाव आणि मोलगीच्या बाजारात मोबाईल उघडून बसलेली पोरे हे काम आजही करू शकतात. आणि पहिली यंत्रे द्यावीत ती जिल्ह्याच्या मुख्यालयातील शाळांना नव्हेत, तर हंगामावर जाणाऱ्या मुलांना, टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत. कारण मंजुरी त्यानंतर आली तर ती घ्यायला पाड्यात मूल असणार नाही.