टवाळी आणि थैली

प्रौढांसाठीची 'साउथ पार्क' ही अमेरिकी कार्टून-मालिका १९९७ पासून शिवराळ भाषेत साऱ्यांचीच टवाळी करीत आली आहे. जुलै २०२५ मध्ये तिने अध्यक्ष ट्रम्प यांना नागवे दाखविले, तेव्हा काही प्रेक्षकांना ती एकाएकी 'राजकीय' वाटू लागली. इतरांची विटंबना त्यांना आजवर चालत होती! परंतु टाळ्या पिटणाऱ्यांनीही हिशेब पाहावा. त्याच महिन्यात पॅरामाउंट कंपनीने ट्रम्प यांच्या दाव्यात १ कोटी ६० लाख डॉलर मोजून तडजोड केली आणि मालिकेच्या निर्मात्यांशी पाच वर्षांसाठी सुमारे १५० कोटी डॉलरांचा करार केला. सत्तेपुढे वाकणारी आणि सत्तेची खिल्ली विकणारी थैली एकच. पार्कर व स्टोन यांचे धैर्य आम्ही नाकारीत नाही. त्याच भागात त्यांनी या तडजोडीचीही टर उडविली. मालकांनी ती निमूटपणे दाखविली.