निळीचा रांजण आणि घामाचा हिशोब

जपानच्या शिकोकु बेटावर तोकुशिमा नावाचा प्रांत आहे. त्याचे जुने नाव आवा. तेथे आइझुमी या गावात एका जुन्या वाड्यात निळीने कापड रंगवायला शिकवतात. लोक येतात, पैसे भरतात, पांढऱ्या रुमालाला गाठी मारतात आणि तो रांजणात बुडवतात. बाहेर काढलेला रुमाल निळा नसतो, हिरवट-पिवळा असतो! वारा लागला की डोळ्यांदेखत तो निळा होत जातो. निळ्या रंगाची ओळख आपल्या घरांना करून द्यायला नको. पण तो कापडावर चढतो कसा, हे आपल्यापैकी फार थोड्या जणांनी पाहिले असेल.

यात चमत्कार काही नाही. नीळ साध्या पाण्यात विरघळत नाही. राखेचे क्षारी पाणी, गव्हाचा कोंडा, चुना आणि थोडी तांदळाची दारू घालून रांजण आठवडाभर आंबवावा लागतो. त्यातले जिवाणू रंगाचे रूप पालटतात, तेव्हा तो विरघळून धाग्यात शिरतो आणि हवेतल्या प्राणवायूने पुन्हा निळा होऊन तेथेच घट्ट बसतो. रांजण तयार झाला की वर निळा फेस जमतो, त्याला तिकडे 'निळीचे फूल' म्हणतात. हा रांजण जिवंत असतो. थंडी बाधते, रोज ढवळावा लागतो, फार कापड बुडवले तर थकतो, मग त्याला विश्रांती द्यावी लागते.

पाहुण्याला दिसतो तो एवढा अर्धा तास. त्यामागचे वर्ष दिसत नाही, आणि आम्हाला लिहायचे आहे ते त्या वर्षाविषयी.

आपल्याकडची नीळ शेंगा येणाऱ्या झुडपाची. जपानची वनस्पती वेगळी, पण रंग तोच. उन्हाळ्यात पीक कापायचे, पाने देठापासून निराळी करून वाळवायची. सप्टेंबरात ती कोठारात ढिगाने रचून पाणी द्यायचे आणि दर चार-पाच दिवसांनी अख्खा ढीग फावड्याने खालीवर करायचा. असे सुमारे १०० दिवस! ढीग आतून साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो, अमोनियाच्या उग्र वासाने डोळ्यांतून पाणी येते. थंडी पडली की ढिगावर गवती चटया पांघरतात. त्या पांघरुणाला ते गादीच म्हणतात. पाणी किती द्यायचे हे ठरवणारा जाणकार वेगळा असे, आणि त्याचा शब्द मालकालाही मानावा लागे. शेवटी जे काळे, मातीसारखे कुजवण तयार होते त्याचे नाव सुकुमो. रांजणात जाते ते हे.

आम्ही पडलो हिशोबाचे माणूस. म्हणून पहिला प्रश्न हा, की या मेहनतीचा पैसा जात होता कोठे? याचे उत्तर कार्यशाळेच्या भिंतीतच आहे. आइझुमीचा तो वाडा एका नीळ-व्यापाऱ्याचा, मुख्य घर १८०८ सालचे. योशिनो नदीला दर पावसाळी वादळात पूर येई, भात बुडे. नीळ मात्र पुराआधीच कापून होई आणि पुराचा गाळ रानाला खत पुरवी, म्हणून शेतकरी निळीकडे वळला. पण या पिकाला सुक्या मासळीचे खत भरपूर लागे. ते विकत घ्यायला कर्ज, आणि कर्ज देणारा पुष्कळदा तोच व्यापारी! वर संस्थानचा कर वेगळा. १७५६ साली या कराविरुद्ध शेतकऱ्यांनी उठावाची तयारी केली. बेत फुटला. पुढल्या वर्षी पाच पुढाऱ्यांना देहदंड झाला. काही वर्षांतच संस्थानाला तो कर मागे घ्यावा लागला.

आता कापड रंगवणाऱ्यांचे पाहू. जपान म्हटले की आपल्याला बुद्ध आठवतो. पण त्या देशातही माणसांना जन्मावरून दूर ठेवलेले होते, हे आपल्या वाचकांना नवीन नाही. क्योटो आणि आसपासच्या भागात निळीने रंगवणाऱ्यांना 'आओया' म्हणत. त्यांची गणना बहिष्कृतांत होई, आणि तुरुंगाची राखण, देहदंडाच्या जागेवरची कामे त्यांच्या माथी मारली जात. सगळ्या जपानात असे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १८७१ साली सरकारने असले हीन दर्जे कागदोपत्री रद्द केले. माणसाचा मान मात्र कागदाने परत आला नाही, म्हणून १९२२ साली क्योटोतच सुइहेइशा ही बहिष्कृतांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रातही निळीने रंगवण्याचे काम करणाऱ्यांची निराळी ही वेगळी जातच होती. ज्या निळ्या हातांनी सुंदर कापड दिले, त्यांना कोणत्या पंगतीत बसवायचे हे दुसरेच कोणी ठरवत होते.

कपड्यांचीही गोष्ट अशीच आहे. ग्रामीण जपानमधल्या कार्यशाळांतून रंगाबरोबर शेतकऱ्यांचे जुने कपडेही शिकवतात: शेतात घालायचा अंगरखा, मोम्पे नावाची बायकांची सैल विजार, आणि साशिको म्हणजे धावदोऱ्याचे भरतकाम. आज ते कलाकुसर म्हणून मिरवते. मुळात ती गरज होती. उत्तरेकडच्या थंडीत कापूस पिकत नाही. त्सुगारु संस्थानात तर अठराव्या शतकात शेतकऱ्याला सुती कापड वापरायला बंदी घातली होती. बर्फात अंबाडीसारख्या जाड तागाचे कपडे घालायचे, म्हणून बायका त्याची भोके दोऱ्याने भरून काढीत. चिंधीवर चिंधी लावून पिढ्यान्पिढ्या वापरलेल्या कपड्याला बोरो म्हणतात. आपली गोधडीच ती! घरच्या लोकांना त्या चिंध्यांची लाज वाटे. चुझाबुरो तानाका या संशोधकाने गावोगाव फिरून त्या जमवल्या, आणि त्यांतल्या ७८६ वस्तू सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवल्या. आज असे तुकडे श्रीमंत संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात. ज्या बाईने टाका घातला तिचे नाव मात्र त्यावर नसते.

१९०३ साली तोकुशिमात निळीखाली सुमारे १५ हजार हेक्टर जमीन होती. पुढे भारतातून आलेल्या निळीने आणि त्याहून जर्मनीच्या कारखानी निळीने हा धंदा बसवला. युद्धकाळात अन्न सोडून दुसरे पीक घ्यायला मनाई झाली, तेव्हा एका शेतकरी कुटुंबाने डोंगरात गुपचूप बी जगवले, नाहीतर हे वाणच संपले असते. १९७८ साली सरकारने सुकुमो बनवण्याच्या कौशल्याला संरक्षण दिले. तरी आज ते करणारी घराणी बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

म्हणून कार्यशाळांना आम्ही नावे ठेवणार नाही. तरुण शहराकडे गेलेल्या खेड्यात कापड विकून जे मिळत नाही ते शिकवून मिळते, काही तरुण पुन्हा पेरणीपासून हे काम हाती घेत आहेत, आणि रुमाल बुडवणाऱ्याला कष्टाची किंमत थोडीतरी कळते. आमचे म्हणणे एवढेच, की रांजणाशेजारी ढीग खालीवर करणाऱ्याचीही गोष्ट सांगावी. कर्जाची आणि कराचीही सांगावी. तेथे येणारा माणूस ऐकायलाच आलेला असतो.

व्यापाऱ्याचा वाडा योशिनो नदीच्या उत्तरेला आहे. दक्षिणेला इशिई या गावी एक लहान देऊळ आहे. १७५७ साली मारल्या गेलेल्या त्या पाच शेतकऱ्यांना लोकांनी तेथे एकत्र बसवले आहे.