जुना ट्रॅक्टर घेताना
लिंबागणेशसारख्या गावात, बालाघाटाच्या माळावर तीन-चार एकर रान असणाऱ्याने जुना ट्रॅक्टर घेताना रंगाला भुलू नये. पन्नास एचपीचं धूड स्वस्तात मिळालं तरी त्याचं डिझेल परवडत नाही. कपाशी-तुरीच्या ओळीत पाळी घालायला वीस-पंचवीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर पुरतो. बघायला भल्या सकाळी जा आणि चावी फिरवण्याआधी इंजिनाला हात लावा. ते गरम लागलं, तर तुम्ही पोचायच्या आधीच चालू करून ठेवलेलं असतं. थंड इंजिन किती कुरकुरतं, हेच तर बघायचं असतं. चालू केल्यावर निळसर धूर थांबत नसेल, तर इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलचं झाकण उघडल्यावर भपके आले, तर मेस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते आहे. इंजिनाचं काम निघालंच म्हणा. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा; तो भराभर खाली बसला, तर हायड्रॉलिक थकलंय. सोबत पीटीओवरचं गवत कापायचं यंत्र देत असतील, तर पाती आणि बेअरिंग हलवून बघा. दगडगोट्यांच्या बांधांवरचं गवत कापायला मात्र ब्रश कटरच बरा. आरसी बुकावर फायनान्सचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका; मालकी बदलाच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या झाल्याशिवायही नाही. ओळखीचा मेस्त्री मजुरी देऊन सोबत न्या. सोयाबीनची पट्टी वर्षातून एकदाच हातात येते. ती दुसऱ्याच्या भंगारात घालवू नका.