पिल्लाच्या शेपटीखालची पिशवी



गावोगाव फिरताना कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार नेहमी कानी येते. "साहेब, मानमोडीची लस वेळेवर दिली, तरी साथ आली आणि खुराडे रिकामे झाले. मग लस देऊन उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. अंड्यांच्या पैशावर अनेक घरांतले तेल-मीठ आणि मुलांच्या वह्या-पुस्तके चालतात. चार दिवसांत सगळ्या कोंबड्या गेल्या, तर तो घाव घरच्या लक्ष्मीला आधी लागतो.

लस बिघडलेली असू शकते. बर्फात न ठेवलेली, उन्हातून आणलेली किंवा मुदत संपलेली लस म्हणजे नुसते पाणी. हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण लस उत्तम असूनही ती अंगी लागत नाही, असेही घडते. बियाणे कितीही चांगले असले तरी चोपण जमिनीत ते नीट उगवत नाही, तशातलाच हा प्रकार. पिल्लाच्या अंगातली ही जमीन कोठे असते, सूक्ष्मदर्शकाखाली ती कशी दिसते आणि कशाने नासते, ते आज पाहू.

पिशवी कोठे असते?

पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी, विष्ठामार्गाच्या वरच्या अंगाला, आत एक लहान गोल पिशवी असते. पिल्लू दोनेक आठवड्यांचे असताना ती साधारण वाटाण्याएवढी असते. पुढे दोन-तीन महिन्यांत ती बोराएवढी होते. तलंग अंड्यावर येण्याच्या सुमारास ती सुकू लागते आणि जुन्या कोंबडीत शोधूनही सापडत नाही.

इटलीतील पादुआ विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचे शरीररचनेचे अध्यापक होते. त्यांनी या पिशवीचे वर्णन करून ठेवले. ते त्यांच्या निधनानंतर, १६२१ साली छापले गेले. कोंबड्याचे बीज साठवण्याची ही जागा असावी, असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला, पण पिशवीला नाव मात्र त्यांचेच राहिले. तिला 'फॅब्रिशियसचा बर्सा' म्हणतात. बर्सा म्हणजे पिशवी.

तिचे खरे काम कळायला पुढे सव्वातीनशे वर्षे लागली. अमेरिकेतील ओहायो राज्यात ब्रूस ग्लिक हे तरुण संशोधक पिल्लांची ही पिशवी काढून टाकून काय होते, ते पाहत होते. त्यांचे सहकारी टिमोथी चँग यांना वर्गात एक प्रयोग दाखवायचा होता. रोगजंतू टोचल्यावर कोंबडीच्या रक्तात त्यांच्याशी लढणारी प्रतिपिंडे कशी तयार होतात, हे विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी ग्लिक यांच्याकडच्या कोंबड्या नेल्या. टोचल्यावर काही कोंबड्या मेल्या. ज्या जगल्या, त्यांतल्या काहींच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. पाहतात तो काय, त्या सगळ्या लहानपणी पिशवी काढलेल्या कोंबड्या! हा शोध १९५६ साली 'पोल्ट्री सायन्स' या मासिकात छापला गेला.

त्यात आपल्या कामाची गोष्ट ही, की पिशवी अगदी कोवळ्या वयात काढली तर नुकसान मोठे आणि मोठेपणी काढली तर फारसे नाही. म्हणजे पिशवीचे काम लहानपणीच उरकते. तिच्यात तयार झालेल्या पेशी पुढे प्लीहेत, आतड्यात आणि इतर ठिकाणी जाऊन मुक्काम करतात आणि जन्मभर राखण करतात. या पेशींना बर्साच्या आद्याक्षरावरून 'बी-पेशी' असे नाव पडले. आपल्या अंगातही बी-पेशी असतात. माणसाला अशी पिशवी नसते, म्हणून आपल्या बी-पेशी हाडांच्या मगजात तयार होतात.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

ताज्या मेलेल्या पिल्लाची पिशवी काढून ती फॉर्मेलिनच्या पाण्यात घालतात, म्हणजे ती कुजत नाही. मग तिच्यातले पाणी काढून ती मेणात बसवतात आणि यंत्रावर तिचे काप घेतात. काप किती पातळ? एका मिलिमीटरच्या जाडीत असे दोनशे काप बसतील इतके. काप काचेवर चिकटवून दोन रंगांत रंगवतात. पेशीचे केंद्र निळे-जांभळे दिसते आणि भोवतालचा भाग गुलाबी.

धडधाकट पिल्लाच्या पिशवीचा काप फोडलेल्या डाळिंबासारखा दिसतो. आत घड्या असतात आणि प्रत्येक घडीत दाण्यांसारखे गोल पुंजके खच्चून भरलेले असतात. साऱ्या पिशवीत असे हजारो पुंजके असतात. प्रत्येक पुंजक्यात कोवळ्या बी-पेशी इतक्या दाटीने बसलेल्या असतात, की निळ्या ठिपक्यांखेरीज दुसरे काही दिसत नाही.

आता गंबोरो झालेल्या पिल्लाचा काप पाहा. अमेरिकेतील गंबोरो गावाच्या परिसरात हा रोग प्रथम आढळला आणि १९६२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. याचा विषाणू नेमका बी-पेशींवरच तुटून पडतो. पिशवी आधी सुजून जवळजवळ दुप्पट होते आणि आठवडाभरात आक्रसून मूळच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उरते. काप पाहिला तर दाणे झडलेल्या कणसासारखी गत. पुंजक्यांच्या जागी पोकळ्या आणि मधे मधे मेलेल्या पेशींचा चुरा.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना हा रोग झाला तर तो दिसतो. पिल्ले पिसे फुगवून बसतात, पांढरी पातळ हगवण लागते, मांडीच्या मांसात रक्ताचे ठिपके सापडतात. तीन आठवड्यांच्या आत झाला, तर पुष्कळदा बाहेर काहीच दिसत नाही. पिल्ले खातात, पितात, वाढतात. पण आतली पिशवी रिकामी झालेली असते. अशा पिल्लांना पुढे मानमोडीची लस दिली, तर ती घेणाऱ्या पेशीच पुरेशा नसतात. "लस दिली तरी मेल्या" या तक्रारीमागचे हे एक मोठे कारण आहे.

त्रासाची ग्रंथी

पिशवी आक्रसवणारे दुसरेही कारण आहे आणि ते आपल्या हातातले आहे. मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी पिवळसर रंगाच्या दोन बारीक ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्यांत संप्रेरके, म्हणजे रक्तातून साऱ्या अंगाला निरोप पोचवणारे रस, तयार होतात. गाई-म्हशींत या ग्रंथीच्या दोन जातींच्या पेशी वेगळ्या असतात. एक जात बाहेर सालीसारखी आणि दुसरी आत गरासारखी. कोंबडीत मात्र त्या डाळ-तांदळाच्या खिचडीसारख्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

यांतली एक जात 'कॉर्टिकोस्टेरोन' नावाचे संप्रेरक करते. थंडी, उन्हाची तलखी, दाटी, उपासमार, प्रवासाचे हाल असे काही झाले की ते रक्तात उतरते. थोडा वेळ उतरले तर पिल्लू संकट निभावून नेते. पण त्रास दिवसेंदिवस चालला, तर त्याच रसाने पिशवीतल्या कोवळ्या बी-पेशी मरू लागतात. कापात पुंजक्यांची बाहेरची दाट कड विरळ झालेली दिसते. गारठ्यात कुडकुडत वाढलेल्या पिल्लाची ताकद अशी आतूनच झिजते.

काय करावे?

१. पहिले तीन आठवडे सर्वांत मोलाचे. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ९५ अंश फॅरनहाइट ऊब ठेवावी आणि पुढे दर आठवड्याला ५ अंशांनी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी वाजते आहे. दूर पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. सारखी विखुरलेली असली म्हणजे ठीक.

२. आईकडून आलेली प्रतिपिंडे अंड्यातल्या बलकातून पिल्लाला मिळतात आणि दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणून पिल्ले घेताना त्यांच्या आयांना गंबोरोची लस दिली होती का, हे विचारून घ्यावे.

३. गंबोरोची लस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात देतात. फार लवकर दिली तर आईची प्रतिपिंडे ती निकामी करतात, उशीर झाला तर रोग आधी गाठतो. तारीख पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावी आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडून ठेवावी.

४. पाण्यातून लस देताना पाणी औषध न घातलेले, क्लोरीन नसलेले आणि गार असावे. आधी तास-दोन तास पाणी तोडावे, म्हणजे लस दोन तासांच्या आत पिऊन संपते. डोळ्यात थेंब घालायची लस डोळ्यातच घालावी. बुबुळामागच्या ग्रंथीत प्रतिपिंडे करणाऱ्या पेशी भरपूर असतात. पिल्लाची पापणी मिटून थेंब आत जाईपर्यंत त्याला सोडू नये.

५. बुरशी लागलेला मका आणि शेंगदाणा पेंड पिल्लांना घालू नये. त्या बुरशीच्या विषानेही ही पिशवी आक्रसते.

६. गंबोरोचा विषाणू चिवट असून घरात महिनोन् महिने टिकतो. जुना घाण तूस दूर नेऊन पुरावा, घर धुऊन जंतुनाशक मारावे आणि निदान दोन आठवडे मोकळे ठेवावे. मोठ्या कोंबड्यांत लहान पिल्ले मिसळू नयेत.

७. आजारी पिल्लांना लस देऊ नये.

तपासणी करून घ्या

पिल्ले मरू लागली की आपण मेलेले पक्षी उकिरड्यावर टाकतो आणि दुकानातून औषधाची पुडी आणतो. त्याऐवजी लगेच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. डॉक्टर ताजा मेलेला पक्षी फाडून पिशवी पाहतात. कोवळ्या पिल्लात ती प्लीहेपेक्षा मोठी असायला हवी. ती प्लीहेहून लहान भरली, तर शंकेला जागा आहे. पक्की खात्री करायची तर नमुना पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण प्रयोगशाळेत पाठवता येतो. रात्रभर उन्हाळ्याच्या उकाड्यात पडलेल्या पक्ष्याचा मात्र उपयोग नाही. पेशी कुजल्यावर सूक्ष्मदर्शक तरी काय दाखवणार?

एक सूचना. एकाएकी भराभर मरतूक सुरू झाली, तर पक्षी घरी फाडू नये आणि उघड्या हातांनी हाताळूही नये. तो बर्ड फ्लू असू शकतो. अशा वेळी फक्त कळवावे आणि डॉक्टरांची वाट पाहावी.

मंडळी, कोंबडी अंड्यावर येते तेव्हा ती पिशवी उरलेलीही नसते. पण तिने लहानपणी जे कमावले, त्यावरच कोंबडी पुढचे पावसाळे काढते. औषधाची पुडी मोठेपणी विकत मिळेल, पिल्लाचे पहिले तीन आठवडे पुन्हा मिळत नाहीत. येत्या खेपेला पिल्ले आणाल, तेव्हा खुराड्यापाशी दिवा आधी लावा आणि पिल्ले मागाहून सोडा.