सह्याद्री धावला म्हणजे नेमके काय झाले?

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला.’ यशवंतराव चव्हाणांची जयंती असो वा पुण्यतिथी, हे वाक्य ठरलेलेच. कानाला गोड, पण इतिहास म्हणून निकामी. यशवंतरावांचे खरे कर्तृत्व या घोषणेने झाकले, आणि त्यांच्या चुकाही.

आधी घटनाक्रम पाहावा. नेफातील पीछेहाटीनंतर कृष्ण मेनन यांना संरक्षण खाते सोडावे लागले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीस बोलावले. ते सूत्रे हाती घेतात न घेतात तोच चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. धावून जाऊन लढावे असे युद्ध उरलेच नव्हते. उरले होते खचलेले सैन्य, आणि सेनाधिकारी व मंत्रालय यांच्यातील अविश्वास. तो अविश्वास त्यांनी कमी केला, सेनाविस्ताराची पंचवार्षिक योजना मार्गी लावली. या कंटाळवाण्या कामाचे मोल १९६५ च्या युद्धात कळले. पण कंटाळवाण्या कामाच्या घोषणा होत नसतात.

आणि याच काळातले एक अप्रिय पान. नेफातील पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या अधिकाऱ्यांनी केली. सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी लोकसभेत केवळ निवेदन केले; अहवाल गुप्तच ठेवला. तेव्हा सैन्याचे मनोधैर्य जपायचे होते, हे मान्य. पण त्यानंतर आलेल्या प्रत्येक पक्षाच्या सरकारने तोच पडदा सोयीचा मानला.

घोषणेचा दुसरा अपराध महाराष्ट्रापुरता आहे. १९४६ साली मुंबई विधिमंडळात आलेला हा कार्यकर्ता मोरारजी देसाईंच्या गृहखात्यात पार्लमेंटरी सेक्रेटरी झाला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्याचा मुख्यमंत्री. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडवली. खुद्द कराडात यशवंतराव जेमतेम तरले. पुढे त्याच समितीच्या भरलेल्या बाकांसमोर त्यांनी कारभार केला, विरोधकांचे ऐकून घेतले आणि नेहरूंना मराठी राज्याच्या बाजूस वळवण्यास हातभार लावला. हे त्यांचे खरे बळ. जिल्हा परिषद व पंचायत समितीचा १९६१ चा कायदा त्याचेच फळ. तो १ मे १९६२ रोजी अमलात आला आणि अवघ्या सहा महिन्यांनी त्याचा कर्ता दिल्लीला गेला. याला अभिमानाचा क्षण म्हणण्याआधी महाराष्ट्राने काय गमावले तेही मोजावे.

आता ‘कुंपणावरचे’ म्हणून हिणवणाऱ्यांविषयी. १९६९ मध्ये बंगळूरच्या बैठकीत त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले आणि पक्ष फुटल्यावर ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. ही कोलांटी होती. तिला मुत्सद्देगिरी म्हणणे ही भक्ती झाली. परंतु केवळ स्वभावाचा भित्रेपणा म्हणून ती उडवून लावणे हाही आळसच. सत्ता सभागृहातून एका व्यक्तीभोवती सरकत होती, आणि विधिमंडळात घडलेल्या या माणसाजवळ त्या खेळाचे हत्यारच नव्हते.

जुलै १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला तो एकेकाळच्या त्यांच्याच पार्लमेंटरी सेक्रेटरीने. त्यानंतर यशवंतराव उपपंतप्रधान झाले, चरणसिंगांच्या सरकारात. ते सरकार लोकसभेला एकदाही सामोरे गेले नाही.