खुकरीवरील लेफ्टनंट जैन

४ डिसेंबर हा दिवस देशभर नौदल दिन म्हणून साजरा होतो. १९७१ च्या युद्धात त्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर यशस्वी हल्ला चढविला, त्याचे ते स्मरण. मात्र त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलाने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका होय.

खुकरीचे नाव निघाले की कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. सहकाऱ्यांना नौका सोडण्यास सांगून ते स्वतः अखेरपर्यंत नौकेवरच राहिले. मरणोत्तर महावीर चक्र देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. पण त्याच नौकेवर एक तरुण विद्युत अभियंता अधिकारी होता, लेफ्टनंट व्ही. के. जैन. आडनाव आपल्या ओळखीचे असूनही आपल्या घरांतून हे नाव क्वचितच ऐकू येते.

पाण्याखालील पाणबुडी डोळ्यांना दिसत नाही. ती ध्वनीने शोधावी लागते. ‘सोनार’ हे यंत्र पाण्यात ध्वनिलहरी सोडते आणि पाणबुडीवर आदळून परतणारा प्रतिध्वनी टिपते. आपल्याकडील उष्ण समुद्रात निरनिराळ्या तापमानाचे थर असतात. त्यांतून जाताना ध्वनीची दिशा वळते आणि त्या थरांच्या आड पाणबुडी लपून राहते. खुकरीवरील सोनारचा पल्ला तोकडा होता. तो वाढविण्यासाठी लेफ्टनंट जैन यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधन करून एक जोड-उपकरण सिद्ध केले होते. त्याची चाचणी खुकरीवर सुरू होती, आणि उपकरणासोबत त्याचा कर्ताही नौकेवर होता.

८ डिसेंबरला खुकरी आणि तिची जोडीदार ‘कृपाण’ मुंबईहून निघाल्या. किनाऱ्यालगत वावरणाऱ्या पाकिस्तानी पाणबुडीचा शोध घेणे, ही त्यांची कामगिरी. मुंबईत तेव्हा अंधारबंदी होती. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले. शहराचा व्यापार बंदरावर अवलंबून होता, आणि बंदराची वाट सुरक्षित राखण्यासाठी ही माणसे समुद्रावर होती.

संथ गतीने चालणाऱ्या नौकेचा स्वतःचा आवाज कमी असतो, म्हणून सोनारला दूरचे ऐकू येते. परंतु संथ नौका हे पाणबुडीचे सोपे लक्ष्यही असते. त्या रात्री ‘हंगोर’ या पाणबुडीने खुकरीला आधी हेरले. तिचा पाणतीर लागल्यावर अवघ्या काही मिनिटांत नौका बुडाली. दुसऱ्या दिवशी ६७ जणांना वाचविण्यात आले. त्यांत लेफ्टनंट जैन नव्हते.

नौकेच्या गतीविषयी पुढे पुष्कळ चर्चा झाली. निकाल हाती आल्यावर निर्णयाची चिकित्सा करणे सोपे असते, हे व्यापार करणाऱ्यास वेगळे सांगायला नको. त्या रात्री उपलब्ध यंत्र अपुरे होते आणि ते सुधारल्यावाचून पुढच्या नौका सुरक्षित होणार नव्हत्या. त्या तरुणाने आपल्या बुद्धीची कसोटी शांत प्रयोगशाळेत नव्हे, शत्रूच्या टप्प्यात दिली.

समुद्रात गेलेल्या सैनिकाच्या घरी अंत्यविधीसाठी देह येत नाही, अस्थीही येत नाहीत. पुष्कळ घरांत कित्येक वर्षे दाराकडे कान लागलेले राहतात. १९४ ही बेरीज झाली. खतावणीत प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असते. आपण बेरीज लक्षात ठेवतो आणि खाती विसरतो.

दीव येथे चक्रतीर्थ किनाऱ्याजवळ समुद्राकडे तोंड करून खुकरीचे स्मारक उभे आहे. काचेच्या आवरणात नौकेची प्रतिकृती ठेवलेली आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे उन्याजवळील अजाहरा पार्श्वनाथ तीर्थाच्या यात्रेस जातात. तेथून दीव अगदी जवळ आहे. पुढील यात्रेत एक तास काढून मुलांना त्या स्मारकापाशी अवश्य न्यावे. धर्मशाळेच्या भिंतीवरील दात्यांची नावे मुले वाचतातच. येथे त्यांना लेफ्टनंट जैन यांचे नाव आपण सांगावे, आणि त्यांनी कोणते काम हाती घेतले होते तेही सांगावे. ९ डिसेंबरला घरच्या सायंप्रार्थनेत क्षणभर मौन पाळण्यास तर प्रवासही लागत नाही.