गुप्तवार्तेतून थेट राजभवनात

ई. एस. एल. नरसिंहन १९६८ च्या तुकडीचे पोलीस अधिकारी. १९८१ ते १९८४ मॉस्कोच्या भारतीय दूतावासात प्रथम सचिव, पुढे गुप्तवार्ता विभागाचे संचालक. डिसेंबर २००६ मध्ये ते निवृत्त झाले आणि महिनाभरातच, जानेवारी २००७ मध्ये, छत्तीसगडचे राज्यपाल म्हणून रायपूरला आले. राज्यातले आदिवासीबहुल बस्तर तेव्हा सलवा जुडूम ही नक्षलविरोधी मोहीम आणि नक्षलवादी यांच्या कात्रीत सापडले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या राणीबोदलीत नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात ५५ पोलीस व विशेष पोलीस अधिकारी मारले गेले.

त्यांच्या अनुभवाबद्दल शंका नाही. मात्र राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने राज्यपालांवर आदिवासी क्षेत्रांची खास जबाबदारी टाकली आहे. नुसत्या अधिसूचनेने ते एखादा कायदा तिथे लागू होऊ नये असे ठरवू शकतात, आणि दरवर्षी राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा असतो. गोपनीयतेत हयात गेलेल्या माणसाकडे हे काम सोपवताना त्याला थोडा काळ तरी मोकळ्या सार्वजनिक जीवनात वावरू द्यायला हवे होते. यापुढे गुप्तचर प्रमुखांना निवृत्तीनंतर किमान दोन वर्षे राजभवन नको, आणि तो वार्षिक अहवाल विधानसभेच्या पटलावर ठेवलाच पाहिजे. बस्तरच्या गावकऱ्यालाही तो वाचता यावा.